कोपराचं माप

“वन्सं, तुम्ही घरीच थांबा. खाली काशोएरो शहरात नुसती आग पेटलेली असते, तुम्हाला ऊन सोसायचं नाही!”

रोझिलेनेने गाडीचं दार धरलं होतं ते उघडण्यासाठी नव्हे, अडवण्यासाठी... इदालिनाला ते कळत होतं. पण तिने चर्चला मिस्साला जायचे तपकिरी बूट चढवले होते, केस घट्ट बांधले होते, आणि एकदा केस बांधले की ब्रागात्तोंची ही थोरली लेक कुणाचंही ऐकत नसे.

“ऊन? एकोणसत्तर वर्षं कॉफीच्या खळ्यावर मी काय छत्री धरून उभी होते का गं? सरक.”

ती मागच्या सीटवर जाऊन बसली. हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली.

“येऊ दे ताईला,” अदेल्सियो म्हणाला. पण मागे वळून त्याने बहिणीकडे पाहिलं नाही.

गेले दोन आठवडे घराचा स्वयंपाकघराकडचा भाग पाडून ठेवला होता. धुराने काळवंडलेल्या त्या भिंती कोसळताना इदालिनाने तोंडातून ब्र काढला नव्हता. कॉफीच्या शेडखाली एकच शेगडी मांडून ती तिघांचा मक्याच्या पिठाचा पोलेंता घोटत होती, आणि मनात मात्र नव्या ओट्याचं स्वप्न जपत होती. ज्या भावाला तिने पाचव्या वर्षापासून पोटच्या पोरासारखं वाढवलं, तो आज इतक्या वर्षांनी घराला नवा ओटा बसवतोय! मग तो दगड आपल्या हातांनी पारखायला नको? पण गेले काही दिवस ती शेडमधून आत आली की नवरा-बायकोचं बोलणं एकदम थांबायचं... ते का थांबतं, हे विचारायचं धैर्य तिला झालं नव्हतं.

दोन तासांचा उतार. डोंगरातली गार हवा मागे राहिली, कॉफीचे मळे संपले, दगड लादलेले अजस्र ट्रक समोरून येऊ लागले, आणि काशोएरोच्या वेशीवर हवेतच पांढरी पूड तरंगताना दिसली.

दगडाच्या आवारात शिळा उभ्या करून ठेवल्या होत्या, पुस्तकांच्या दुकानात पुस्तकं ठेवावीत तशा. अमान्सियो नावाचा म्हातारा कारागीर त्यांना दाखवत फिरत होता. त्याच्या भुवयांतसुद्धा दगडाची पूड बसली होती. रोझिलेने एका पांढऱ्या संगमरवरापुढे थबकली. त्यावर राखाडी शिरा होत्या, ढगांसारख्या.

“अगंबाई, काय देखणा आहे! हाच.”

इदालिनाने पिशवीतून लिंबू काढलं, बोथट सुरीने कापलं, आणि बाजूला पडलेल्या त्याच संगमरवराच्या तुकड्यावर चोळलं.

“ओ दोना, अहो बाई, हे काय करताय!” अमान्सियो ओरडला.

“परीक्षा घेतेय. थांबा दहा मिनिटं.”

दहा मिनिटांनी तिने रुमालाच्या टोकाने पुसलं. चकचकीत दगडावर निस्तेज डाग उमटला होता.

“नुसती गोरी पाहून सून करायची नसते, बाळा. आपल्या घरात रोज लिंबू पिळायचं, रोज सॉस सांडायचा. दोन महिन्यांत याला कोड फुटेल.”

रोझिलेनेला न राहवून हसू आलं. अदेल्सियोने घाईघाईने एक काळी शिळा दाखवली. “मग हा ग्रॅनाइट? घट्ट आहे, स्वस्तही आहे.”

“हाच बाबांच्या थडग्यावर आहे, विसरलास? त्याच्यावर मी पोलेंता ओतू, आणि बाबा खालून विचारणार, पोरी, मीठ घातलंस का?”

अमान्सियो खो खो हसला. मग तो त्यांना अगदी कोपऱ्यात घेऊन गेला. एका धुळकट शिळेवर त्याने बादलीभर पाणी मारलं, आणि दगडातून गडद हिरवा रंग उजळून वर आला... पावसाने धुतलेल्या कॉफीच्या पानासारखा!

“हा,” रोझिलेने हळूच म्हणाली.

“हाच,” इदालिना म्हणाली. पंचवीस वर्षांत नणंद-भावजयीचं एका गोष्टीवर इतक्या झटकन एकमत कधी झालं नव्हतं.

“आता उंची,” अमान्सियोने खिशातून टेप काढली. “स्वयंपाक कोण करतं ते मला विचारावं लागत नाही. दोना, कोपर वाकवा बघू. कोपराच्या चार बोटं खाली ओट्याची कड. माझा बाप असंच मोजायचा.”

इदालिनाने कोपर वाकवलं. जुना ओटा बाबांनी आईच्या मापाने बांधला होता, आणि आई होती उंचीपुरी! त्या ओट्यापाशी इदालिना एकोणपन्नास वर्षं टाचा उंचावून उभी राहिली होती. उजवा खांदा कायमचा वर चढून बसला होता. तुला किती उंच लागतो, असं या जन्मात कुणी तिला विचारलं नव्हतं... आज एक परका म्हातारा तिच्या कोपराला टेप लावत होता!

“नको! त्यांचं माप नको!” रोझिलेनेचा आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. “माझं घ्या. त्या... त्या ऑगस्टपासून घरी नसणार.”

टेप सर्रकन आत गेली. अमान्सियोने खाली पाहिलं.

“कुठे असणार मी ऑगस्टपासून?” इदालिनाने विचारलं. भावजयीला नव्हे, भावाला.

“ताई... विटोरियाला सिस्टरांचं एक घर आहे. वृद्धांचं. स्वच्छ आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. तुझ्यासाठी एक खोली बघून ठेवलीय. जूनमध्ये तू चुलीपुढे पडलीस, तासभर तशीच पडून होतीस, आम्ही मळ्यावर... तुला आता आराम...”

“पडले, आणि उठलेही! त्या रात्रीचं सूप कुणी केलं होतं रे?”

“ताई, ओरडू नकोस, लोक बघताहेत.”

“बघू देत! सिस्टरांकडे खोली...” ती कडवट हसली. “तुझ्यासाठीही एक खाट बघून ठेवली होती, अदेल्सियो. सिस्टरांकडेच! अनाथ मुलांच्या घरात. आई-बाबा एका वर्षात गेले तेव्हा काकांनी सगळं ठरवलं होतं. ओरेस्तेसशी माझं लग्न ठरलेलं, त्याच्या घरचे दूर उत्तरेकडे, रोंदोनियाला जमीन घ्यायला निघालेले. चर्चपुढे ट्रक उभा होता, माझी पेटी वर चढवलेली होती. ओरेस्तेस म्हणाला, पोराला सिस्टरांकडे सोड आणि चल. तू गोवराने फणफणला होतास, माझ्या स्कर्टची कड मुठीत धरून...”

तिने मान ताठ केली.

“मी माझी पेटी उतरवून घेतली.”

अदेल्सियो शिळेला टेकून उभा राहिला. लहानपणापासून सणावारी जेवताना तो चेष्टेने म्हणत आला होता, आमच्या ताईच्या जिभेला भिऊन कुणी मागणी घालायलाच आलं नाही! आणि ताई दर वेळी सगळ्यांबरोबर हसत आली होती... ते हसणं आठवून त्याच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले.

“मला माहीत नव्हतं गं... कधी बोलली का नाहीस?”

“परतफेड मागायला मी सावकार नव्हे. आजही उपकार म्हणून सांगत नाही. पण नीट ऐक. घराच्या कागदावर दोन नावं आहेत, त्यात माझं पहिलं. मला जायचं असेल तेव्हा मी जाईन, माझ्या पायांनी, माझ्या मर्जीने. पण मला कुणी पाठवायचं नाही! मी तुला पाठवलं नव्हतं.”

रोझिलेने तोंडावर हात दाबून रडत होती. “चूक माझी आहे, वन्सं. त्या दिवशी तुम्हाला जमिनीवर पाहिलं ते पहिलं मी. तुमचे हात गार पडले होते. मला वाटलं, संपलं सगळं! तेव्हापासून घरात पाऊल टाकताना छाती धडधडते. मला नाही बघवणार पुन्हा...”

इदालिनाने तिच्याकडे पाहिलं. ही शहरातली, नाजूक, उंच पोरगी आपल्याला घराबाहेर काढतेय, असं आता घटकाभरापूर्वी तिला वाटलं होतं. आणि ही तर भेदरलेली होती, इदालिनाच्याच मरणाला भेदरलेली!

“भ्यायचं होतं तर माझ्याजवळ बसून भ्यायचंस, वेडे. पाठीमागे नव्हे.”

“उद्या सिस्टरांना कळवतो, खोली नको म्हणून,” अदेल्सियोने नाक पुसलं.

“उद्या का? फोन खिशातच आहे ना?”

तो फोन घेऊन फाटकाकडे गेला, शाळेतून बाहेर काढलेल्या पोरासारखा. रोझिलेनेने हाताच्या पाठीने डोळे कोरडे केले, अमान्सियोच्या हातून टेप घेतली, आणि स्वतः वाकून नणंदेच्या कोपराला लावली. चार बोटं खाली.

“ब्याऐंशी सेंटिमीटर,” ती मोठ्याने म्हणाली. “इतकाच ठेवा. मी वाकेन.”

“तू का म्हणून वाकशील?” इदालिना कडाडली. “एका बाईने टाचा झिजवल्या तेवढ्या पुरे, आता दुसरीने कंबर मोडायची नाही! ओ दादा, अर्धा ओटा माझ्या मापाने करा, अर्धा हिच्या.”

अमान्सियोने शिळेवरून हात फिरवला. त्याचा जीव तुटत होता. “इतकी अखंड शिळा, दोना... मधोमध तोडावी लागेल. आणि पायरी आली की जोड दिसणार, तो लपवता येत नाही.”

इदालिनाने रोझिलेनेकडे पाहिलं. रोझिलेनेने मान हलवली.

“दिसू दे!” इदालिना म्हणाली.