झाड उडण्याआधीचं मिनिट

जुनी ख्रिसमसची झाडं टाकायच्या ढिगाऱ्यापाशी आमची ओळख झाली. मी बुंधा धरून झाड ओढत होते, आणि अचानक ते हलकं झालं... शेंडा कुणीतरी उचलला होता.

"फेकताय?"

"नाही, फिरायला आणलंय."

तो हसला. टोपीवर बर्फ, मिशीवर बर्फ. "मग मला द्या ना. मी उडवतो."

लोवेल त्याचं नाव, माझं मारित. गोठलेल्या तळ्यावर रॉकेट उडवणाऱ्या हौशी मंडळींचा क्लब होता, आणि सुरक्षेचं सगळं हा बघायचा. दर जानेवारीत ते एक सुकलेलं झाड उडवायचे... बुंध्याला रॉकेटच्या नळ्या, शेंड्याशी पॅराशूट.

त्या शनिवारी मी माझ्या तीन वर्षांच्या मुलीला, टिलीला, बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीमागे वीस पावलांवर उभं केलं. लोवेलने पाहिलं, आणि आम्हाला आणखी दहा पावलं मागे नेलं. माझ्याहून जास्त काळजी करणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता. तिथेच मी हरले.

वर्ष गेलं. यंदाचं झाड आम्ही तिघांनी सजवलेलं. आणि सोमवारी लोवेल नेवाडाच्या वाळवंटात निघणार होता, खऱ्या रॉकेटांच्या नोकरीवर.

तळ्यावरची पद्धत अशी, ज्याचं झाड, त्याने उडवायची कळ दाबायची. पाच, चार, तीन... मी दाबली. काहीच झालं नाही.

"कुणी पुढे जायचं नाही!" लोवेल ओरडला. नळी पेटली नाही, तर मिनिटभर सगळ्यांनी लांबच थांबायचं, हा नियम. तो माझ्याजवळ आला, नजर घड्याळावर.

"तार मी जोडलीच नाही, मारित."

"तू? विसरलास?"

"एक मिनिट हवं होतं. घरी विषय काढला, की तू भांडी घासायला उठतेस. चल ना माझ्याबरोबर. दोघीही."

"टिली दर रविवारी तिच्या बाबाकडे असते. कोर्टाचा कागद आहे, लोवेल. राज्याबाहेर नेता येत नाही."

"एखाद्या वकिलाला—"

"विचारलं. दोनदा. तुला न सांगता."

त्याने घड्याळावरून नजर उचलली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे यायचं होतं तुला."

"मनात सामानही भरलं होतं."

"मग मीच राहतो."

"दहा वर्षं अर्ज करतोयस. राहिलास, तर मी रोज तुझं तोंड निरखत बसेन... पस्तावला तर नाही ना? ओळखतोस ना मला?"

"ओळखतो." त्याने घड्याळ पाहिलं. "दहा सेकंद उरलेत. काहीतरी खोटं बोल, म्हणजे जाता येईल."

"तू मला आवडत नाहीस."

"छे... फारच वाईट बोलतेस खोटं."

तो गेला, बर्फावर गुडघा टेकून तार जोडली, परत आला. मी पुन्हा कळ दाबली. झाड गरजत वर गेलं, सुकलेल्या पानांच्या सुया आमच्या टोप्यांवर भुरभुरल्या. पॅराशूट उघडलं, आणि वाऱ्याने ते पार पलीकडच्या काठाला नेलं.

"घेऊन येतो," एवढंच तो म्हणाला.

मी टिलीला गाडीत बसवलं. पट्टा तपासला. पुन्हा तपासला, आणि तिच्या शेजारी बसले. तळ्याच्या मधोमध तो परत येताना दिसला, दोन्ही हातांनी झाड ओढत. टिलीने काचेतून हात हलवला. उत्तर द्यायचं, तर त्याला झाड सोडावं लागणार होतं.

त्याने सोडलं. दोन्ही हात उंच केले, आणि तसाच उभा राहिला.

टिली बाहीने काच पुसत होती, आणि माझ्या श्वासाने ती पुन्हा पुन्हा धुरकट होत होती.