चार ते चार-सहा

त्या रात्री माझा डोळा लागला नाही, तो पाळणाघरातल्या मावशींच्या बोलण्यामुळे. "चार वाजले की तुमची पोर बसल्या जागी झोपते हो. सहाच मिनिटं. पण हाका मारल्या तरी उठत नाही… आणि हात गार पडतात."

लहान मुलं झोपतातच, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण मी पडले पोरीच्या एका शिंकेवर तीन डॉक्टर पालथे घालणारी बाई. दुसऱ्या दिवशी तिला घेऊनच डोंगरावरच्या वेधशाळेत गेले.

तिथे आम्ही ढग मोजतो. गच्चीवरची नळी ढगातली हवा खाली खेचते, यंत्रं त्यातले सूक्ष्म कण आणि वायू मोजतात, आणि ते आकडे हवामानाच्या मॉडेलसाठी जातात. नियम एकच. गच्चीवर जाणाऱ्याने दाराशी टांगलेल्या तक्त्यावर नाव आणि वेळ लिहायची. नळीजवळ माणसाने श्वास सोडला की कार्बन डायऑक्साइडची रेष उसळते. ती मिनिटं आकड्यांतून कापावी लागतात.

नवरा माझ्यासोबतच काम करायचा, आणि कधीही लिहायचा नाही. रेष उसळली की मी खालून ओरडायचे, "परत न सांगता गेलास?" वरून नुसतं हसू यायचं. चार महिन्यांपूर्वी, दुपारी चारच्या धुक्यात, त्या गच्चीवरूनच त्याचा पाय घसरला. तक्ता तेव्हाही कोराच. पोरीला सांगितलंय, बाबा लांब कामाला गेलेत.

तेव्हापासून रोज चार वाजता रेष श्वासासारखी वर-खाली होते. सहा मिनिटं. नळी बदलली, सांधे तपासले.

"गळती असेल कुठेतरी," साहेब म्हणाले. "कापून टाका. चार महिन्यांचे आकडे आज पुढे पाठवायलाच हवेत."

मी एकही मिनिट कापलं नव्हतं. नवऱ्याचं माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं.

चार वाजले. खिडकीला ढग चिकटला होता. खुर्चीत पोरीची मान कलली. पडद्यावर रेष उठली… खाली आली… पुन्हा उठली. गच्चीच्या दाराची किल्ली माझ्या खिशात होती. निरखून पाहिलं, तर त्या संथ लाटेच्या अंगावर आणखी एक लाट होती. बारीक, घाईघाईची. यंत्राची थरथर, म्हटलं. शास्त्र शिकल्याचा हा एक फायदा, कशालाही नाव देता येतं.

मग तक्ता काढला आणि त्याने जन्मात लिहिलं नाही ते त्याचं नाव मीच लिहिलं. चार ते चार-सहा.

"जा आता…" एवढंच म्हणवलं. चार महिन्यांची ती सगळी मिनिटं कापली.

रेष सपाट झाली. पोर जागी झाली. खोलीत ओल शिरू नये म्हणून आम्ही एवढं जपतो, आणि तिचे केस निथळत होते. तिला अजून वाचता येत नाही. तरी तक्त्यापाशी येऊन तिने बोट नेमकं त्याच्या नावाखाली ठेवलं.

"आई, इथे माझं पण लिही ना. मीच रोज वर धरून ठेवते बाबांना… ते पडू नयेत म्हणून."