जवळची ऊब गाळा

सुकुमार मगदूमनं डोळ्यांवर वाराचष्मा चढवला आणि आधी चहाच्या पातेल्याकडे पाहिलं. वाफ सगळ्यांनाच दिसते. त्याला वाफेच्या वरची हवाही दिसत होती, केशरी रंगाची, वळसे घेत तंबूच्या छताकडे निघालेली. मग त्यानं मान वळवली. समोर त्याची थोरली बहीण, अनंतमतीअक्का, बोलत बसली होती आणि तिच्या तोंडातून केशरी पुंजके बाहेर पडत होते, दर शब्दाला एक.

"माझ्याकडं काय बघतोस? आभाळाकडं बघ की," अक्का म्हणाली. "धूर निघतोय काय माझ्या तोंडातनं?"

"धूर कसला, अख्खी मिलची चिमणी पेटलीय."

अक्का हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला.

हवा दिसायला लागून चार वर्षं झाली होती. चष्म्यावर बसवलेलं काडेपेटीएवढं यंत्र न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठोके सोडायचं. हवेतल्या धुळीवर आपटून ते परत आले, की हवा किती ऊन आहे आणि कुठे निघालीय ते रंगांत उमटायचं. वर जाणारी हवा केशरी, खाली येणारी निळी. इचलकरंजीत बायका गच्चीवर वाळवण घालायच्या आधी वारा बघू लागल्या होत्या. फोमची रिमोटवाली विमानं उडवणाऱ्या सुकुमारसारख्यांचं तर नशीबच उघडलं. पूर्वी घार जिथे घिरट्या घालते तिथे विमान न्यायचं, एवढीच काय ती त्यांची अक्कल होती.

आता तो हिमालयात, स्पितीतल्या एका पठारावर, पंधरा हजार फुटांवर येऊन ठेपला होता. डोंगराची धार ओलांडणारा वारा पलीकडे लाटेसारखा उसळतो. हा लाटवारा चष्म्यातून बघत बघत दीड किलोचं फोमचं विमान तीस हजार फुटांवर न्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसानं असले हट्ट करू नयेत असं घरच्यांचं मत होतं. अक्काचं नव्हतं. ती एकसष्टाव्या वर्षी स्वतःची स्वेटरं भरून त्याच्याबरोबर आली होती.

तिच्याशिवाय त्याचं पानही हलत नसे. विमान उडू लागलं की चष्म्यात विमानाच्या नाकावरचा कॅमेरा दाखवेल तेवढंच दिसतं, स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत. म्हणून शेजारी उघड्या डोळ्यांचा एक माणूस लागतो. त्याला स्पॉटर म्हणतात. आभाळावर नजर ठेवायची आणि पक्षी, हेलिकॉप्टर, ढग काही आडवं आलं तर ओरडायचं, हे त्याचं काम. अक्का बावीस वर्षं सुकुमारची स्पॉटर होती. सुरुवातीला ती सारखी बडबडायची. एकदा पंचगंगेच्या काठावर विमान उतरवताना तिनं मध्येच कसलीशी लग्नाची गोष्ट काढली, सुकुमारचं लक्ष उडालं आणि विमान पाण्यात गेलं. तो सगळ्या क्लबासमोर तिच्यावर खेकसला होता, "धोका असला तरच तोंड उघड, नाहीतर गप्प बसत जा!" अक्कानं ते हसण्यावारी नेलं, पण पाळलंही. तेव्हापासून ती गप्प आहे म्हणजे आभाळ मोकळं आहे, असा त्यांचा नियम पडला. सुकुमार तो क्लबात कौतुकानं सांगायचा. पुढे त्या कौतुकाबद्दल त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"खोकला कधीपासनं आहे?" निघताना त्यानं विचारलं.

"काल चढताना जरा थंडी बाधली. तू तुझं बघ." अक्का शाल गुंडाळून त्याच्या डाव्या हाताला घडीच्या खुर्चीत बसली. ड्रायव्हर जीप घेऊन खालच्या गावात पाणी आणायला गेला होता. ऑक्सिजनचा सिलिंडर तंबूत होता, वीस पावलांवर.

विमान सुटलं. उतरताना जमिनीलगतचा वारा कळावा म्हणून सुकुमारनं समोर एक तिपाई रोवली होती. तिच्यावरचं यंत्र आसपासची हवा टिपायचं आणि चष्म्याच्या कोपऱ्यात एका लहानशा चौकटीत दाखवायचं. कानात इअरफोन होते. विमान चढू लागलं की त्यात शीळ वाजे, आणि चढ वाढला की शीळही वर चढे. विसाव्या मिनिटाला विमान बावीस हजारांवर होतं आणि शीळ टिपेला गेली होती. तेवढ्यात कोपऱ्यातल्या चौकटीत काहीतरी केशरी फडफडू लागलं. भराभर, एकसारखं, थांबायचं नाव नाही. लक्ष विचलित होत होतं.

अशा वेळी विमानवाले जे करतात तेच त्यानं केलं. मैदानावर बघ्यांच्या अंगाची, गाड्यांच्या इंजिनांची ऊब चित्रात घुसते आणि वारा नीट दिसत नाही, म्हणून रिमोटवर एक बटण असतं: 'जवळची ऊब गाळा'. दर उड्डाणात दोनचारदा दाबायचं बटण. त्याचा अंगठा आपोआप तिथे गेला. फडफड पुसली गेली आणि चौकट स्वच्छ निळी झाली.

अडतिसाव्या मिनिटाला आकडा तीस हजारांच्या पुढे सरकला. खाली सगळा हिमालय पसरला होता, वर आभाळ जवळजवळ काळं होतं. "अक्का! तीस!" तो ओरडला. उत्तर आलं नाही. काय ही बाई, आजसुद्धा नियम मोडत नाही, असं मनाशी म्हणत तो हसला. मग पुढची पंचवीस मिनिटं त्यानं विमान अलगद खाली आणलं, पठारावर टेकवलं आणि चष्मा काढला.

अक्काची हनुवटी छातीवर टेकली होती. ओठ निळे पडले होते.

खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, उंचीवरच्या विरळ हवेनं फुप्फुसांत पाणी झालं. वेळेवर ऑक्सिजन मिळाला असता तर वाचल्या असत्या का, या प्रश्नावर त्यांनी सुकुमारच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. तो त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

दीड महिन्यानं अक्काची मुलगी चंदना इचलकरंजीला त्याच्या घरी आली. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेलेल्यांना ती पुन्हा बोलतं करायची. ओठांपुढची हवा वाचून शब्द ओळखणारं यंत्र तिच्या रोजच्या वापरातलं होतं. पाणीही न घेता तिनं टॅब टेबलावर ठेवला.

"मामा, तिपाईवरच्या यंत्रातली चिप मी तुमच्या सामानातनं नेली होती. न विचारता."

सुकुमारला कळायचं ते कळलं. "चष्म्यातनं गाळलेलं सगळं त्यात असणार," तो म्हणाला. "चंदना, विसाव्या मिनिटाला तुझ्या आईचा श्वास माझ्या डोळ्यांसमोर होता. मला त्याचा त्रास झाला, म्हणून मी तो पुसला. ह्या अंगठ्यानं."

"बघितलं मी ते. खूप रागावले होते तुमच्यावर. अजून राग आहे. पण ते सांगायला नाही आले. एकतिसाव्या मिनिटाला आई काहीतरी बोललीय. परत चौतिसाव्याला. पस्तिसाव्यानंतर श्वासही नाही."

अडतिसाव्याला मारलेली हाक सुकुमारला आठवली.

"काय बोललीय?"

"मी उघडलं नाही. बटण दाबलं की शब्द लिहून येतील. बहुतेक बरोबरच येतात."

तो टॅबच्या काळ्या काचेकडे बघत राहिला. तिथे 'सुकू' असेल, तर अक्कानं हाक मारली होती आणि तो कानात शीळ भरून बसला होता. आणि तिथे णमोकार असेल तर? मरणाऱ्याच्या कानात म्हणायचा मंत्र तिनं स्वतःच स्वतःला म्हटला असेल, तर आपण चाललोय हे तिला कळलं होतं. हाताच्या अंतरावर भाऊ उभा असताना तिनं हाक मारली नव्हती, कारण बावीस वर्षांपूर्वी तो नदीकाठी तिच्यावर खेकसला होता. यातलं कुठलं निघावं अशी प्रार्थना करायची, ते त्याला ठरवता येईना.

"राहू दे, चंदना," तो म्हणाला. "आता कळून काय करायचं?"

"यात आवाज नसतो, मामा. आईचा आवाज मला परत मिळणार नाही, ते मला माहितीय. पण तिचे शेवटचे शब्द आहेत हे. तुम्हाला शिव्या घातल्या असतील तरी मला ते हवेत." तिनं डोळे पुसले आणि टॅब त्याच्यापुढे सरकवला. "पण एकटीनं वाचायचं धाडस नाही होत. बसाल माझ्याशेजारी?"