बसलेला मोजायचा नाही

पांढऱ्या दगडावरून उत्तरेला गेला तो पक्षी मोजायचा, परत फिरला तर वजा करायचा, आणि बसलेला मोजायचाच नाही. शिडाच्या कड्यावर शिकारी पक्षी मोजणाऱ्यांचा हा नियम. रूपाली झोरेनं तो वीस वर्षं पाळला होता आणि आता त्याच नियमानं तिची पुरती गोची केली होती. फाल्गुन सरत आला, पळसाची फुलं गळायला लागली, तरी एक पक्षी कडा ओलांडेल तर शपथ. गरुड, ससाणे, गवतावर घिरट्या घालणारे भोवत्ये, सगळे तिच्या आजूबाजूच्या दगडांवर पारावरच्या म्हाताऱ्यांसारखे बसून होते. आभाळ मोकळं, वारा पाठीवर, आणि एकही बेटा हलायला तयार नाही.

"शून्य," तिनं वायरलेसवर सांगितलं.

"छान. यंदाही एकही मेला नाही म्हणजे," तालुक्याहून उत्तर आलं.

मरणार कसे? त्यासाठी आधी निघावं लागतं. पूर्वी उत्तरेकडच्या गवताळ मैदानांत परतणारे हे पक्षी दर वसंतात कड्यावरच्या पवनचक्क्यांच्या पात्यांत सापडून मरत. हंगामापुरत्या चक्क्या बंद ठेवा म्हटलं की कंपनीच्या पोटात गोळा यायचा. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, चक्क्या थांबत नसतील तर पक्षी थांबवू. प्रवासी पक्षी पिंजऱ्यात कोंडला तरी हंगाम आला की उत्तरेकडे तोंड करून तडफडतो. शास्त्रज्ञ या तडफडीला 'प्रस्थानओढ' म्हणतात. ती मेंदूतल्या मूठभर पेशींतून येते आणि त्या पेशी एका ठरावीक, अगदी क्षीण रेडिओलहरीनं झोपी जातात. दुखत नाही, खुपत नाही. पक्षी खातो, पितो, उडतो, फक्त त्याला जावंसं वाटत नाही. ही लहर सोडणारा स्तंभ चार वर्षांपूर्वी कड्यावर उभा राहिला. गावानं त्याचं नाव थांब्या ठेवलं. रूपाली रोज वर असतेच, म्हणून थांब्याच्या खोलीची किल्लीही कंपनीनं तिच्याच कमरेला अडकवली.

पक्ष्यांचं तिला वाईट वाटायचं, पण खोटं कशाला बोला, त्या चार वर्षांत तिचं घर सुखात होतं. नवरा गेल्यापासून घरात ती आणि लेक रेवा, दोघीच. रेवाला जहाजं बांधायची होती. समुद्र उभ्या जन्मात पाहिला नाही अशा पोरीनं घराच्या भिंतींवर जहाजांची चित्रं काढली होती. विशाखापट्टणमला प्रवेश मिळाला, बॅग भरली, आणि निघायच्या आदल्या दिवशी तिनं ती शांतपणे उपसली. "राहू दे गं आई. इथंच बरं वाटतंय." रूपालीनं त्या संध्याकाळी देवापुढं नारळ फोडला होता. गावातली इतर पोरंही अशीच राहिली. बंद पडलेला कबड्डीचा संघ पुन्हा उभा राहिला, शिमग्याला पालखी उचलायला खांदे कमी पडेनात. गाव खूश होतं.

त्या दुपारी डॉक्टर तबस्सुम मुजावर धापा टाकत कडा चढून आल्या. थांब्याची लहर शोधून काढणाऱ्यांतल्या त्या एक. आल्या त्या पाणीही न पिता म्हणाल्या, "रूपालीताई, उद्याच्या ग्रामसभेत थांब्याला आणखी दहा वर्षं मिळणार आहेत. त्याआधी तुम्हाला सांगायला हवं. त्या पेशी माणसातही असतात."

"कुठल्या?"

"जावंसं वाटायला लावणाऱ्या. आम्हाला वाटलं होतं, माणसावर परिणाम होण्याइतकी ही लहर जोरकस नाही. आमचं चुकलं. जिथंजिथं स्तंभ आहे, तिथली पोरं घर सोडेनाशी झालीत. इथलीसुद्धा."

रूपालीनं दुर्बीण खाली ठेवली. "माझी रेवा तिच्या मर्जीनं राहिली."

"तिनं शेवटचं जहाज कधी काढलं?"

रूपालीला आठवेना. मग आठवलं, बॅग उपसली त्याच्या आधी. "मॅडम, तुम्हाला लेकरं आहेत?"

"नाहीत."

"मग बरं जमतं तुम्हाला बोलायला. ती इथं आहे, हसते, जेवते, रात्री माझ्या शेजारी झोपते. तिला काय दुखतंय?"

"काहीच नाही. याही पक्ष्यांना काही दुखत नाही," मुजावर समोरच्या भोवत्याकडे बघत म्हणाल्या. "फक्त यांची घरटी तिकडे उत्तरेत. इथं चार वर्षांत एकानंही अंडं घातलेलं नाही."

रूपालीनं त्यांना मनातल्या मनात लाख शिव्या घातल्या. मग स्वतःलाही घातल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत तिनं उभं राहून सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, लोक हादरतील. लोक नुसते जरा विचारात पडले. मग सरपंच तुकाराम शेळके सावकाश म्हणाले, "असं असेल तर थांब्या आपल्याला फुकटात लाभला म्हणायचा."

"सरपंच, आपली पोरं आहेत ती."

"म्हणूनच की. घरात आहेत. शेजारची गावंही मागतायत असला थांब्या. पक्ष्यांचं कारण फक्त अर्जापुरतं."

बायाबापड्या माना डोलवत होत्या. रूपालीची जाऊ हळूच म्हणाली, "वहिनी, खाली बसा. तुमची रेवाही जाईल ना."

"जाईल," रूपाली म्हणाली. "माझी लेक मला घरात पाहिजे, तुमच्यापेक्षा दोन घास जास्तच पाहिजे. पण तिचं मन झोपवून नको. तुम्ही सगळे हात वर करा, ठराव करा. मी नाही करणार." तिला एकटीला सोडून सगळे हात वर गेले.

ती तडक कडा चढली, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. थांब्याच्या खोलीत शिरून तिनं मुख्य खटका पाडला, दार लावलं आणि जाड कुलूप घातलं. कंपनीचा माणूस दुसरी किल्ली घेऊन यायला चार दिवस लागणार होते. काही पक्षी पात्यांत सापडतील, हे तिला कळत होतं, पण तेवढ्यात जाणारे जातील.

पक्षी तिसऱ्या दिवशी सकाळी उठले. आधी एका भोवत्यानं पंख झाडले, मग ऊन तापलं तसे सगळेच गरगरत वर चढले आणि पांढऱ्या दगडावरून उत्तरेला निघाले. रूपाली मोजत होती आणि हमसून हमसून रडत होती.

रेवा पाठीवर बॅग घेऊन वर आली. चेहरा संतापानं लाल. "आई, चार वर्षं गं. तुला कधीच कळलं नाही?"

"कळायला नको होतं मला. बरं वाटत होतं."

रेवानं बॅगेचा पट्टा आवळला. मिठी मारली नाही. पलीकडच्या उतारावर एसटीचा रस्ता होता. ती पांढरा दगड ओलांडून निघाली आणि मागं वळली नाही. रूपालीनं तिच्याकरता पक्ष्यांत एक वाढवला.

तेवढ्यात अलीकडून गाव चढून आलं. पुढं जाऊ होती, पदर तोंडाला लावून. "वहिनी, माझा पोरगा बॅग भरतोय. किल्ली द्या. पाया पडते तुमच्या."

"नाही माझ्याकडे."

सरपंच गरजले, "कुठाय मग?"

रूपालीनं दरीकडे बोट केलं. कुलूप लावल्या लावल्या तिनं ती भिरकावली होती. गाव काय करील याची तिला पर्वा नव्हती. पण किल्ली जवळ असती तर रेवा गेल्यावर, रिकाम्या घरातल्या पहिल्याच संध्याकाळी आपणच कडा चढून खटका वर केला असता, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.