खिळ्यावरचं फडकं

लग्नाला महिना होतो न होतो तोच सासऱ्यांनी तिची पावडर मागितली. अंगाला लावायची, गुलाबी डब्यातली.

"सूनबाई, तो डबा दे जरा. इंजिनला लावायचाय."

शेजारून साखर मागावी तितक्या सहज. माहेरी हे सांगितलं तर कुणाला खरं वाटेल, असं मनात म्हणत तिने डबा काढून दिला आणि मागोमाग शेडमध्ये गेली. शेड घराला चिकटूनच होती. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की समोर ट्रकचं तोंड. सकाळी चहा गाळताना तिची पहिली नजरानजर व्हायची ती या म्हाताऱ्या ट्रकशी.

ट्रक जुना, डिझेलवरचा, आणि गळका. दुपारी नवऱ्याला माल घेऊन डोंगर उतरायचा होता. नवऱ्याने खालच्या चेंबरचं पॅकिंग बदललं, मागचं सील बदललं, तरी गाडीखालच्या पुठ्ठ्यावर रोज नवा डाग पडतच होता.

"डाग खाली दिसतो म्हणून हा खालीच शोधत बसतो," सासरे मुलाकडे हनुवटी करून म्हणाले. "तेल वरून ओघळतं. पंख्याचा वारा ते मागे पसरवतो. सगळ्यात वरचा ओला ठिपका सापडला पाहिजे."

म्हणून बापलेकांनी इंजिन घासून धुतलं, वाळवलं आणि त्यावर तिची पावडर भुरभुरली. सगळ्या शेडला नव्या नवरीचा वास सुटला. इंजिन चालू केलं.

तोवर सासऱ्यांनी तिला पुठ्ठ्यावरचे जुने डाग ओळखायला शिकवलं. काळं, जाडसर, ते इंजिन ऑइल. पातळ आणि नाकात जाणारं, ते डिझेल. हिरवट, ते रेडिएटरचं पाणी. शेवटी त्यांनी फळीवरची एक छोटी बाटली उघडून तिच्या बोटावर थेंब सोडला. पिवळसर, बुळबुळीत, किंचित मासळीसारखा वास.

"हे ब्रेक ऑइल. रंगावर पडलं तर रंगही खातं. बाकीचं गळालं तर गाडी थांबते. हे गळालं की थांबत नाही."

तिने बोट पुसायला भिंतीवरच्या खिळ्याकडे हात नेला. तिथे एक फडकं लटकत होतं.

"ते नको," नवरा पटकन म्हणाला. "उस्तादांचं आहे."

उस्ताद म्हणजे सासऱ्यांचे जुने भागीदार. हा ट्रक जन्मभर त्यांनीच चालवला. माझी गाडी गळत नाही, असं छातीठोक सांगायचे, आणि कुणी बघायच्या आत गुपचूप पुसून घ्यायचे. इंजिनच्या पंख्याच्या पट्ट्यात सापडून उजव्या हाताचं मधलं बोट गेलं होतं, तरी पुसणं सुटलं नाही. गेल्या वर्षी इथेच, गाडीला टेकून बसल्या बसल्या गेले. हातात हे फडकं होतं. तेव्हापासून ते खिळ्यावरून कुणी हलवलं नव्हतं.

इंजिन तापल्यावर बंद करून तिघं चहाला आत आली. परत गेल्यावर सासरे थबकले.

इंजिनच्या माथ्यावरचं झाकण, टॅपेट कव्हर, त्याच्याखालची पावडर पुसलेली होती.

"हात कुणी लावला?"

"मी तुमच्यासमोर चहा पीत होतो," नवरा म्हणाला. मग तिच्याकडे बघून हसला. "हिला दिसेल ते पुसायची हौस आहे."

"मला इंजिन पुसायचं असतं, तर आधी ट्रकमधली तुमची मळकी सीट नसती का पुसली?" ती म्हणाली आणि पुढे वाकली.

पांढऱ्या पावडरीवर बोटांचे पट्टे उमटले होते, वरून खाली ओढलेले. मध्ये एका बोटाची जागा कोरी होती. तिने आपला हात त्यावर धरून पाहिला आणि लगेच मागे घेतला. सासऱ्यांनीही पाहिलं होतं.

मग तीच हळूच म्हणाली, "बाबा... पुसायला जिथून सुरुवात केलीय, तिथेच ओलं असणार ना?"

सासऱ्यांनी तिथलंच कव्हर उघडलं. पॅकिंगचा कोपरा चिरला होता. नवीन बसवलं, पुन्हा पावडर टाकली, पुन्हा इंजिन तापवलं. या वेळी तिघंही जागची हलली नाहीत. पावडर कोरडी राहिली. जेवून, माल चढवून नवरा निघाला.

"झाडून घे," सासरे म्हणाले, पण आवाजावरून तिला कळलं. त्यांना तिथे एकटं थांबायचं नव्हतं.

तिने पुठ्ठा उचलला. स्वच्छ. झाडू भिंतीपर्यंत आला, तेव्हा तिला दिसलं की खिळ्याखालच्या भिंतीचा रंग फुगला आहे. फोड आल्यासारखा. सकाळी तो तसा नव्हता. तिने फडक्याला बोट लावलं. ओलं. नाकाशी नेलं.

"बाबा," ती म्हणाली. "हे काळं नाही."

सासऱ्यांनी वास घेतला आणि लगेच मुलाला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"उतार लागतोय आता. का हो?" फोनचा आवाज मोठा होता. तिला सगळं ऐकू येत होतं.

"सपाटीवरच थांब. चाकाला दगड लाव. मग खाली वाकून बघ, चाकांच्या आतून ब्रेक ऑइल येतंय का."

बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग त्याचे श्वास.

"काही नाही हो बाबा. ठणठणीत आहे. एक थेंब नाही."

तिने सुस्कारा सोडला. सासऱ्यांनी सोडला नाही.

"धूळ आहे का तिथे? चिखल?"

"नाही... तेच नवल आहे. बाकी सगळीकडे धूळ आहे, पण पुढचं डावं चाक आतून एकदम चकाचक. आत्ताच कुणी पुसल्यासारखं."

सासरे हळूच स्टुलावर टेकले.

"गाडी हलवू नकोस," ते म्हणाले. "आणि आत बसू नकोस. मी येतोय."

तिने पुठ्ठा परत खाली ठेवला, या वेळी खिळ्याच्या खाली. क्षणभराने फडक्याच्या टोकाला पिवळसर थेंब जमला, लोंबला आणि पुठ्ठ्यावर पडला. त्यामागून दुसरा.