ओढायचं बटण

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणा. मी वाद घालणार नाही. मोठे काका थापा मारणाऱ्यातले नाहीत, आणि शेवटचा भाग तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

गेल्या वर्षीची गोष्ट. मंगळवार, दुपारचे चार. लख्ख ऊन होतं. भुताबिताची वेळसुद्धा नव्हती ती.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. जन्मभर ऑफिसात नकाशे काढले. माप म्हणजे माप, केसाएवढाही फरक खपायचा नाही. मूलबाळ नाही. घरात काका, काकू आणि लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेली ती बोटीएवढी लांब गाडी.

काकूला विसरण्याचा आजार झाला. आधी माणसं गेली, मग शब्द गेले. शेवटी एकच वाक्य उरलं.

रोज दिवेलागणीला काका तिला धरून शेडमध्ये नेत आणि गाडीत पुढच्या सीटवर बसवत. त्या गाडीचं दिव्यांचं बटण दाबायचं नव्हतं, ओढायचं होतं. एकदा ओढलं की छोटे दिवे, आणखी ओढलं की मोठे. गोल फिरवलं की आत छताचा दिवा. चाळीस वर्षं ते काकूच ओढायची. ती सगळं विसरली, पण हात विसरला नव्हता. हात आपोआप पुढे जायचा, बटण ओढायचा, आणि ती विचारायची,

"लागले का हो?"

"लागले गं," काका म्हणायचे.

बस्स. दोघांचा संसार एवढाच उरला होता.

एका संध्याकाळी बटणातून धूर आला आणि ते जळून गेलं.

गाड्यांचा वायरमन म्हणाला, "काका, साधं खटक्याचं बटण लावून देतो. दिवे लागल्याशी मतलब."

लावलं. काकूचा हात पुढे गेला... चाचपडला... आणि रिकामाच मागे आला.

ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवसापासून घास पुढे केला की मान फिरवू लागली.

काका वेड्यासारखे हिंडले. स्पेअर पार्टची दुकानं, बंद पडलेली गॅरेजं, ओळखीच्या ओळखीचे लोक. एका बटणाचा दांडा आखूड, दुसऱ्याला दोनच टप्पे, तिसरं बसलं पण फिरेना. वायरमनने हात टेकले. "अहो, ही गाडी बनवणारेच राहिले नाहीत. बटण कुठून आणू?"

तिसऱ्या आठवड्यात चमचाभर दूधही काकूच्या ओठांतून परत येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, मनाची तयारी ठेवा.

त्याच मंगळवारी, शेजारच्या बाईंना काकूपाशी बसवून, काका शहराबाहेरच्या भंगाराच्या आवारात गेले. आपल्याच गाडीने. सातव्या रांगेत त्यांना तसलीच गाडी दिसली. चाकं नाहीत, इंजिन नाही, बॅटरी नाही. पण डॅशबोर्डवर...

बटण. अख्खं.

वॉचमन लांबूनच ओरडला, "साहेब, त्या गाडीचं आम्ही काही काढत नाही!"

"का?"

"नाही काढत." तो एक पाऊलही पुढे आला नाही.

"बायको मरतेय हो माझी," काका म्हणाले.

वॉचमन खाली मान घालून निघून गेला.

काका आत बसले. बटण छताच्या दिव्याच्या खुणेवर फिरवलेलं होतं. त्यांनी ते सरळ केलं.

मागे स्प्रिंग कुरकुरली...

कोणीतरी सीटवर सरकून बसावं तशी.

काकांनी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. सीटवर बोटभर धूळ होती. मधोमध तेवढी नव्हती. एक माणूस बसेल एवढी जागा स्वच्छ.

काकांनी बटणामागची बारीक पिन दाबली, दांडा काढला, नट सोडवला, बटण खिशात टाकलं.

"माफ करा," ते म्हणाले. कोणाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

परत येताना गाडी मागून जड वाटत होती.

संध्याकाळी बटण बसवलं. तंतोतंत बसलं. काकूला जवळजवळ उचलूनच आणलं. तिचा हात पुढे गेला... बटण सापडलं... ओढलं.

"लागले का हो?"

काकांना हुंदका आवरेना.

आणि काकू पुढे बोलली. आठ महिन्यांत पहिल्यांदा, दुसरं वाक्य.

"अहो, रडता काय असे? मागे त्या बघतायत ना."

काकूने बटण गोल फिरवलं. छताचा दिवा लागला. "त्यांना अंधार सोसत नाही," ती म्हणाली.

काकांनी आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती...

पण मधोमध दबलेली.

सकाळ होताच त्यांनी बटण काढलं आणि आवार गाठलं. जिथलं तिथे ठेवून यायचं, एवढंच डोक्यात होतं.

त्या गाडीत वाकून पाहिलं.

डॅशबोर्डवर बटण होतं. नटावर गंज तसाच. हात लागलेलासुद्धा दिसत नव्हता. आणि काकांच्या खिशातही बटण होतं.

मागच्या सीटवर आता सगळीकडे सारखी धूळ होती.

"काल मी इथून बटण काढून नेलं," काका वॉचमनला म्हणाले.

"कुठे काय नेलंत साहेब? रिकाम्या हातांनी तर गेलात. फक्त त्या बाईंना घेऊन गेलात."

काका घरी आले तेव्हा काकू उठून बसली होती. दाराकडे बघत होती.

"त्या कुठे गेल्या?" तिने विचारलं. "मला म्हणाल्या होत्या, जेवून घे."

काकांनी वाटी पुढे केली. काकूने तोंड उघडलं.

काका मला म्हणाले, "तुला सांगतो, मी घास भरवला, हात धुतला आणि तडक शेडमध्ये जाऊन ते बटण परत बसवलं. जी कोणी असेल ती असो. माझी बायको बोलत होती गं."

पुढे चार महिने काकू रोज गाडीत बसून गप्पा मारायची. मागे वळून. हसायचीसुद्धा. काका शेजारी बसून ऐकत. दुसऱ्या बाजूचं त्यांना एक अक्षर ऐकू यायचं नाही.

मग एका दुपारी, झोपेतच, काकू गेली.

गेल्या महिन्यात मी काकांना भेटायला गेले. गाडी विकून टाका, असं सांगायचं ठरवूनच गेले होते. काका शेडमध्ये, गाडीत बसले होते. बॅटरी काढून फळीवर ठेवलेली मी स्वतः पाहिली.

छताचा दिवा लागलेला होता.

"काका, चहा घेता ना?" मी म्हटलं आणि मागचं दार उघडायला हात घातला.

काका एकदम वळले. शांतपणे म्हणाले,

"पुढे ये गं. मागे आता जागा नाही."

मी दार उघडलं नाही. पण हँडलवरून हात काढताना आतून स्प्रिंग कुरकुरली...

दोनदा.

त्यानंतर मी गेलेले नाही. काकांचा फोन येतो. मी बोलते. ते बोलता बोलता मध्येच थांबतात, आणि मला कळतं, ते दुसऱ्या कोणाचं तरी ऐकून घेतायत.