शेगडीखालची फळी

झाशीहून कुठलाही समुद्र गाठायचा तर रेल्वेत रात्र काढावी लागते. अशा गावात माझ्या नवऱ्यानं शिडाची बोट विकत घेतली. गोव्याहून ट्रेलरवर आली ती, आणि नगरा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत वळेना. शेजारच्या शुक्लाजींनी विचारलं, "भाभीजी, बाढ़ आने वाली है क्या?"

"आ चुकी," मी म्हटलं.

हृषीकेशनं रेल्वेतून लवकर निवृत्ती घेतली होती. त्यानंतर तो मोबाइलवर गोऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ बघत बसायचा. ती जोडपी बोटीवर राहत, बोटीवर लिंबं पिळत आणि सारखी हसत. "एक वर्ष पाण्यावर राहून बघू, आभा," तो म्हणाला. "नवं आयुष्य." जुन्याबद्दल मी तक्रार केल्याचं मला आठवत नव्हतं. तरी हो म्हटलं, एका अटीवर. नगऱ्याचं घर जसंच्या तसं राहील आणि त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये राहील. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत आले. परतीची वाट ठेवल्याशिवाय मी कुठल्या वाक्यातसुद्धा शिरत नाही.

बेतवेच्या धरणाच्या फुगवट्यात आम्ही नांगर टाकला. काठाला बाभळी, मध्ये हत्तीच्या पाठीसारखे खडक, पलीकडे वीजघराची धुरांडी. बोटीच्या आत दोन बाक, एक टेबल, एक शेगडी, आणि सरळ उभं राहिलं की डोकं आपटेल असं छत. काठावरची कमल रोज होडीतून लिटरभर दूध आणून द्यायची.

आम्ही झाशीचे मराठी. भाषा अर्धी हिंदी झाली, जेवण पाऊण बुंदेली झालं, पण वास्तुशांतीशिवाय घरात दूध उतू घालवत नाही. हृषीकेशचे काका नानासाहेब गुरसरायहून आले. बोटीवर चढताना त्यांचं सोवळं गुडघ्यापर्यंत भिजलं.

वास्तुपुरुषाची बोटभर प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पालथी पुरायची असते. पुरायला जमीन लागते. नानासाहेबांनी निदान वाटीभर माती मागितली. "अरे, तोंड मातीत हवं त्याचं."

"चालतं हो, काका," हृषीकेश म्हणाला.

'चालतं हो' हे माझ्या नवऱ्याचं संपूर्ण तत्त्वज्ञान आहे. त्यानं शेगडीखालची फळी उचकटली. तळाच्या पोकळीत ओलसर काळोख होता. तिथं प्रतिमा पालथी ठेवली आणि फळी पुन्हा ठोकून टाकली.

"सूनबाई," नानासाहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "हा वास्तुपुरुष सारखा तथास्तु म्हणत असतो. घरात वेडंवाकडं बोलायचं नाही."

माझी जीभ सगळ्या खानदानाला ठाऊक आहे. मला वाटलं, चला, लग्नानंतर प्रथमच घरात माझं ऐकणारं कोणीतरी आलं.

नांगरलेली बोट वाऱ्याबरोबर फिरते. आमची फिरायची थांबली. वारा कुठूनही येवो, शेगडी आग्नेयेलाच. कमलनं एकदा होडी लावता लावता विचारलं, "काय बाईजी, तुमाई नाव घूमत काय नइयाँ?"

नांगर गाळात रुतला असेल, असं मी तिला समजावलं. नांगर रुतला तरी बोट दोराभोवती फिरायला हवी, हे मला ती गेल्यावर सुचलं.

मग एका सकाळी हृषीकेश शीड चढवायला निघाला. दोर माझ्या हातात, हुकूम त्याच्या तोंडात. "ओढ! सोड! अगं, तो नाही, दुसरा!" माझे तळवे सोलून निघाले.

"फुगायचंच नाही हे मेलं कधी," मी म्हटलं.

शेगडीखाली एक बुडबुडा फुटला. एकच. तोंड दाबलेल्या माणसानं हुंकार द्यावा तसा.

त्यानंतर काठावरच्या बाभळी वाकत, माझी ओढणी तोंडावर येई, कागद उडून पाण्यात पडत. शीड मात्र ओल्या चादरीसारखं लोंबत राही.

पुढं पाणकावळ्यांनी डेक घाण केला, तेव्हा मी नुसतं "टळा एकदाचे" म्हटलं. खाली बुडबुडा फुटला. दुसऱ्या दिवशी सगळ्या फुगवट्यावर एकही पक्षी नव्हता.

योगायोग दोनदा होऊ शकतो, असं मी स्वतःला शिकवलं. आणि बोलणं कमी केलं.

"पाणी मानवलंय तुला," हृषीकेश म्हणाला.

मग एका दुपारी तो शहरातून पेढे घेऊन आला. "नगऱ्याचं घर देऊन टाकलं. रजिस्ट्री झाली आज."

"मला विचारलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाही?"

"अगं, परत जायचंच नाही तर ते घर कशाला? चालतं गं."

पडद्यांचा रंग, आमच्या मुलीचं, इराचं कॉलेज, ही बोट. मला विचारायचं असतं, हे या माणसाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यात वाईट हेतूही नव्हता, याचाच मला जास्त संताप आला. मी पर्समधून किल्ली काढून टेबलावर आपटली.

"बरोबर आहे. मला कशाला विचाराल? मी नाहीच असं समजा!"

हे वाक्य मी संसारात शेकडो वेळा म्हटलं आहे. माझी आई म्हणायची. माझी सासू म्हणायची. त्यानं कधी कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

बुडबुडा फुटला.

हृषीकेशनं टेबलावरची किल्ली उचलली, उलटसुलट करून पाहिली. "ही कशाची?" स्वतःशीच म्हणाला आणि खिडकीतून पाण्यात टाकली.

संध्याकाळी त्यानं एकच ताट घेतलं. मला वाटलं, अबोला. अबोल्यात तो माझ्याशी कधी जिंकलेला नाही.

सकाळी कमल आली. मी पातेलं पुढं केलं. तिनं माझ्या खांद्यावरून आत हाक मारली, "भैया, अकेले आदमी खों आधा लीटर भौत है।"

मी तिच्या होडीत बसले. तिनं वल्ही मारली, होडी काठाला लागली. मी शेगडीपाशी होते.

मी फळीवर ओणवी होऊन सांगितलं, मी आहे. विनवून सांगितलं, मग ओरडून, मग शिव्या देऊन. नखं तुटली. खाली शांत होतं.

दिवाळीला इरा आली. नोएडाला नोकरी करते. मराठी तिला सगळी कळते, बोलते मात्र फक्त रागात. माझ्याकडून तेवढंच शिकली.

"पापा, यहाँ अकेले बोर नहीं होते?"

"छे!" हृषीकेशनं शेगडीवर चहा ठेवला, दोन कप काढले. "नगऱ्याचं घरसुद्धा देऊन टाकलं."

"बेच दिया? मेरा कमरा भी?" ती थांबली. "मला विचारलं पण नाही?"

"चालतं गं."

तिच्या नाकपुड्या फुगल्या. त्या माझ्या आहेत. पुढं काय येणार ते मला माहीत होतं.

मी झेपावले. तिच्या तोंडावर हात दाबून धरला.

"ठीक आहे, पापा," माझ्या हातातून ती म्हणाली. "मी पण नाहीच असं समजा."

बुडबुडा फुटला.

हृषीकेशनं चहा गाळला. एक कप भरला. दुसरा पुसून पुन्हा खुंटीला लावला.

इरानं हळूच मान वळवली.

"आई," ती म्हणाली, "तू कधीची आहेस इथं?"